फिलूबायंचा अर्धा रुमाल

गौरवग्रंथाच्या संपादक मंडळींनी मला बजावून सांगितलं आहे की, लेखात 'मी' कमी यावी आणि फिलूबाय जास्त. प्रयत्न करते. पण अशा लेखाची सुरुवात पहिल्या भेटीने करायची असते, आणि आमच्या पहिल्या भेटीत माझी फजितीच जास्त होती, त्याला माझा इलाज नाही.

गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. मी लग्न होऊन साताऱ्याकडून विरारला आले होते. यजमान सकाळी मुंबईला बँकेत जात ते संध्याकाळी उगवत. दिवसभर फ्लॅटच्या चार भिंती आणि मी. शिवणकामाची परीक्षा मी पहिल्या वर्गात पास झालेली, त्यामुळे डोक्यात थोडी हवाही होती. शेजारणीने सांगितलं, "वसईजवळ सांडोरला एक ख्रिस्ती बाई आहेत, फिलोमीना नावाच्या. परदेशातले रेशमी रुमाल हातांनी शिवून घेतात. जाऊन बघ." मी गेले. केळीच्या बागेतून वाट काढत, दोनदा चुकत, एकदा कुत्र्याला घाबरून उलटी फिरत मी त्या कौलारू घराशी पोहोचले. लांबलचक पडवी, ओळीने खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीपाशी एकेक बाई मांडीवर पांढरं फडकं अंथरून मान खाली घालून बसलेली. कुणी बोलत नव्हतं. फक्त एक आवाज चालू होता, तो फिलूबायंचा. लाल चौकडीचं लुगडं, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि त्या कसलीशी गोष्ट सांगत होत्या.

गोष्ट थांबवून त्यांनी माझ्या हातात रेशमाचा एक वीतभर तुकडा दिला आणि म्हणाल्या, "कड वळून दाखवा."

मी मोठ्या झोकात वळली. बारीक, सरळ, एकही टाका वर न दिसणारी. फिलूबायंनी तुकडा उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"उलट्या बाजूला वळलीत," त्या म्हणाल्या.

"हेमिंग उलट्या बाजूलाच करतात ना?"

"सगळीकडे करतात. इथं सुलट्या बाजूला."

"पण मग ते दिसेल, बाय!"

"दिसू दे की. एवढे डोळे फोडून कड वळायची आणि लपवायची कशाला गो?"

खिडक्यांपाशी बसलेल्या बाया माना खाली घालूनच हसल्या. माझा पहिला वर्ग तिथेच गळून पडला. त्या दिवशी मी तो वीतभर तुकडा तीनदा उसवला आणि तीनदा वळला. चौथ्यांदा मी म्हटलं, "उद्या येते." फिलूबाय म्हणाल्या, "या. पण नखं कापून या."

एवढ्यावर मला काम मिळालं, आणि त्या पडवीत माझी पंचवीस वर्षं गेली.

ज्या पॅरिसच्या कारखानदारांचं हे काम होतं, त्यांचं नाव मला इथे लिहिता येत नाही. मुंबईच्या ज्या निर्यातदारांमार्फत रुमाल येत, त्यांच्या कराराच्या कागदावरच तशी अट होती: आम्ही त्यांचं नाव कुठे सांगायचं नाही. आमचं नाव त्यांनी कुठे सांगावं, अशी अट कुणी घातली नव्हती. फिलूबाय त्यांना नुसतं 'पेढी' म्हणत. "पेढीला हे चालणार नाही," "पेढीत असं करत नाहीत." मीही पेढीच म्हणते. ज्यांनी तिच्या पर्शी आणि रुमाल मासिकांच्या गुळगुळीत पानांवर पाहिले असतील, ते ओळखतील. ज्यांनी पाहिले नाहीत, त्यांचं काही अडत नाही.

या पेढीचा इतिहास आम्हाला पाठ होता, कारण फिलूबाय काम शिकवता शिकवता तो सांगत. नव्या पोरीला पहिल्या आठवड्यात म्हाताऱ्याची गोष्ट मिळे. म्हातारा म्हणजे पेढीचा मूळपुरुष. हा हातमोजे शिवणारा साधा माणूस, एका गल्लीत त्याचं दुकान. शिवलेला मोजा तो डोळे मिटून हातात घाली, आणि शिवण बोटाला लागली की फेकून देई. मग मोज्यांबरोबर छत्र्या आल्या, छत्र्यांना कातडी मुठी आल्या, मुठी करणाऱ्या हातांनी पर्शी करायला घेतल्या. मुलाच्या कारकिर्दीत रेशमी रुमाल आले. एका रुमालात जेवढे रंग तेवढ्या वेळा तो छापायचा, आणि मग खेडोपाडी घरी बसलेल्या बायकांकडे कड वळायला धाडायचा. पुढे महायुद्ध आलं, रेशीम मिळेना, दुकानाच्या काचांवर कागद चिकटवले गेले, तरी म्हाताऱ्याच्या घरच्यांनी दुकानाचं दार रोज उघडलं.

हे सगळं फिलूबाय अशा सांगत की जणू सांडोरातच घडलं असावं. त्यांच्या पॅरिसमध्ये आमच्या पापडी गावासारखा बाजार भरे. तिथली नदी आपल्या वसईच्या खाडीहून बरीच अरुंद असल्याचं त्या थोड्या अभिमानाने सांगत. म्हातारा रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाई आणि येताना वाटेत भांडण करून येई. एका नव्या पोरीने एकदा निरागसपणे विचारलं होतं, "म्हातारा आपल्याच चर्चच्या पॅरिशचा होता का?" फिलूबाय म्हणाल्या, "स्वभावानं होता."

पण त्यांच्या गोष्टीतलं खरं माणूस म्हणजे म्हाताऱ्याची थोरली सून. कड सुलट्या बाजूला वळायची रीत हिने घातली. एका रुमालाला एकच हात लागायचा, हा नियमही हिचाच. युद्धाच्या दिवसांत पेढीत शेवटचा एक रुमाल उरला होता. तो ती वळत होती. निम्मा झाला आणि ती गेली. पेढीचे लोक म्हणाले, दुसरीकडून पुरा करून घेऊ. घरच्यांनी रुमाल पोटाशी धरला, दिला नाही. "तो अजून तिथं काचेच्या कपाटात आहे," फिलूबाय सांगत, "अर्धा. कुणी हात लावला नाही." इथे आल्यावर त्या क्षणभर थांबत, आणि पडवीतल्या सगळ्या सुयाही थांबत. मग त्या म्हणत, "चला, बघताय काय? वळा."

हा इतिहास त्यांना कुणी सांगितला, तेही सांगायला हवं. मी येण्याच्या काही वर्षं आधी, काम नुकतं सुरू झालं तेव्हा, पेढीने एक निवृत्त कारागीर बाई शिकवायला तीन महिने वसईला धाडल्या होत्या. ओडेत मादाम त्यांचं नाव. वयाने पासष्टीच्या घरात. हॉटेलात त्यांना करमेना, जेवण जाईना. चौथ्या दिवशी फिलूबाय त्यांची बॅग उचलून स्वतःच्या घरी घेऊन आल्या. फिलूबायंना फ्रेंच येत नव्हतं, मादामना मराठी सोडा, इंग्रजीही येत नव्हतं. पण दोघींनीही लहानपणी लॅटिनमधून मिस्सा ऐकली होती, आणि त्या प्रार्थना दोघींना पाठ होत्या. संध्याकाळी पडवीत बसून दोघी बरोबरीने रोजरीची जपमाळ म्हणत. ती संपली की हातवाऱ्यांनी गप्पा. मादाम हात थरथरवून दाखवत, उंची दाखवत, पोटाशी काहीतरी धरून दाखवत. फिलूबायंच्या सासूबाईंना वाटे, दोघींना वेड लागलंय.

शिकवायला मात्र तीन महिने लागलेच नाहीत. रेशमाची कड ओल्या बोटांनी, दाब न देता, मोहरीएवढ्या गोलाईत गुंडाळायची असते. मादामनी ते एकदा करून दाखवलं आणि फिलूबायंनी लगेच करून दिलं. मादाम आश्चर्याने बघत राहिल्या. त्यांना काय माहीत, की या बाईचं लहानपण घरच्या बागेतल्या केळ्यांची सुकेळी करण्यात गेलं होतं. सुकलेलं केळं न चेपता वाळल्या पानात गुंडाळून बांधणं म्हणजे बोटांची परीक्षाच. फिलूबाय म्हणत, "सुकेळीवालीला गुंडाळायला शिकवायचं म्हणजे काय!"

आता 'एका रुमालाला एकच हात' या नियमाची गोष्ट. माझ्या शेजारच्या खिडकीशी मथुरा बसायची, पाचूबंदरची कोळीण. पहाटे बोंबील वाळत घालून यायची. फिलूबाय तिचे हात लिंबाने तीनदा धुवून घेत आणि मग स्वतः हुंगून बघत. "पेढीच्या रुमालाला बोंबलाचा वास लागला तर तिकडच्या राणीसाहेब मागे मांजरं घेऊन फिरतील," म्हणत. मथुरा म्हणे, "पानी आनखी किती वतू बाय, चामडी निघंल माजी."

एका मोसमात मथुरेची सासू अंथरुणाला खिळली आणि ती येईनाशी झाली. तिचा रुमाल अर्धा होऊन पडला होता. माल न्यायला मुंबईचा माणूस यायचा दिवस जवळ आलेला. मी विचार केला, कुणाला कळतंय? मथुरेचा हात मला ठाऊक होता, टाक्यातलं अंतर मी जमवलं असतं. फिलूबाय बागेत गेल्या असताना मी तो रुमाल घेतला आणि दोन दुपारींत पुरा करून गठ्ठ्यात सरकवला. मनातून मी माझ्यावर खूष होते.

फिलूबाय शेवटची तपासणी डोळे मिटून करत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कड धरायची आणि चारही बाजू फिरवायची. गठ्ठ्यातल्या त्या रुमालाशी त्यांची बोटं आली, एका जागी थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. त्यांनी डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. बाकी कुणाकडेही नाही.

"छान वळलीस गो," त्या म्हणाल्या. "मथुरेपेक्षा चांगली. पण हा मथुरेचा रुमाल आहे."

"बाय, माल पुरा व्हावा म्हणून..."

"एक कमी जाईल. मी सांगते त्यांना."

त्यांनी मला माझा भाग उसवायला लावला. मुंबईच्या माणसाला सांगितलं की त्यांच्या स्वतःच्या देखरेखीत चूक झाली, एक रुमाल मागून येईल. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. त्या माणसाने बरीच तणतण केली, ती त्यांनी उभ्याने ऐकून घेतली. मला तेव्हा त्यांचा राग आला, आता खरं सांगते. एवढ्याशा रेशमासाठी एवढं स्तोम कशाला, असं वाटलं.

दोन महिन्यांनी मथुरा आली. सासू वारली होती. ती पडवीच्या पायरीवरच उभी राहिली, आत येईना. तिला वाटलं होतं, आपली जागा गेली. तिच्या खिडकीशी तिचं स्टूल होतं, स्टुलावर पांढरं फडकं, फडक्याखाली तिचा रुमाल, जिथे सोडला होता तिथेच सुई टोचलेली. मथुरा त्या स्टुलावर बसली आणि हमसून हमसून रडली. फिलूबाय म्हणाल्या, "रड. पण रुमाल बाजूला ठेवून रड." तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

व्यक्तिगत जिव्हाळ्याचं सांगायचं तर एकच सांगते, नाहीतर संपादक कात्री लावतील. माझ्या मुलीच्या वेळी सातव्या महिन्यात माझी बोटं सुजली, सुई धरवेना. मी रजा मागायला गेले. फिलूबाय म्हणाल्या, "बोटं सुजलीत, तोंड तर नाही ना? बस आणि पेपर वाच." दोन महिने मी पडवीत खुर्चीवर बसून बायांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं, आणि रोज दुपारी माझ्यापुढे केळी आणि सुकेळी येत राहिली. फ्लॅटमध्ये एकटी राहिले असते तर मी वेडी झाले असते. त्यांनी हे ओळखलं होतं, पण बोलून दाखवलं नाही. तेव्हापासून पडवीत काहीही वाचायचं असलं की ते काम माझ्याकडे आलं.

म्हणूनच गेल्या वर्षी पेढीचं पुस्तक आलं, तेव्हा ते माझ्या हातात पडलं. पेढीने आपला इतिहास छापला होता. मोठं, उशीएवढं जाड पुस्तक, इंग्रजी आवृत्ती, मुंबईच्या निर्यातदारांनी एक प्रत आमच्याकडे भेट म्हणून पाठवलेली. फिलूबायंनी त्या दिवशी काम थांबवलं. आम्ही दहा-बारा बाया, मी मध्ये, पुस्तक मांडीवर. मी एक वाक्य वाचायची आणि मराठीत सांगायची.

म्हातारा निघाला! हातमोजे निघाले, छत्र्या निघाल्या, काचांवर कागद लावलेलं दुकानही निघालं. बाया आपल्या घरचा अल्बम पाहावा तशा प्रत्येक चित्रावर तुटून पडत होत्या. म्हातारा दिसायला अगदीच शांत होता, त्याने सगळ्यांची थोडी निराशा झाली. मग एका पानावर दोन हात दिसले, चेहरा नाही, नुसते हात, रेशमाची कड वळणारे. खाली एवढंच छापलेलं: 'हाताने वळलेली कड'. मथुरा पुढे वाकली आणि किंचाळली, "ह्यो माजा हात हाय! ह्यो बघा कोयत्याचा वन! माजाच हात हाय गो!" खरंच तिचा होता. मागे कधीतरी फोटो काढणारा येऊन गेला होता, ते आम्ही विसरलोही होतो. मथुरेने तो हात स्वतःच्या हाताशेजारी धरून सगळ्यांना दाखवला. तिला नाव नसल्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, आणि फार वाटलं.

मग एकीने विचारलं, "थोरली सून कुठे आहे?"

मी पानं उलटली. पुढे गेले, मागे आले. म्हाताऱ्याला एकच मुलगा होता, आणि त्याने लग्न केलं नव्हतं. पेढी पुढे पुतण्याकडे गेली आणि नंतर एका मोठ्या उद्योगसमूहाने घेतली. थोरली सून नव्हती, धाकटीही नव्हती. काचेच्या कपाटातला अर्धा रुमाल नव्हता. मी दोनदा वाचलं. पडवीतल्या सगळ्या माना फिलूबायंकडे वळल्या.

त्या उठल्या. "चहा टाकते," म्हणाल्या आणि आत गेल्या. कपबशांचा आवाज आला, जरा जास्तच आला. त्या ट्रे घेऊन बाहेर आल्या तेव्हा कप बशीत वाजत होते. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. त्यांच्या हाताला कंप सुटला होता. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी पडवीत सुई हातात घेतली नाही. "चष्म्याचा नंबर बदललाय," म्हणाल्या.

त्यांचं पंचाहत्तरावं वर्ष लागलं, या ग्रंथाची जुळवाजुळव सुरू झाली, आणि लेखाच्या निमित्ताने मी एका रविवारी मिस्सानंतर त्यांच्याकडे गेले. थेट विचारायचं धाडस झालं नाही. पंचवीस वर्षांची गोष्ट खोटी निघाली, हे कुणाला तोंडावर कसं म्हणायचं? मी नुसतं म्हटलं, "बाय, सुनेचं काय लिहू?"

फिलूबाय म्हणाल्या, "सून नव्हतीच."

"मग?"

"मादामची आई होती. खेड्यात घरी बसून पेढीचे रुमाल वळायची. युद्धाच्या वर्षांत गेली, मांडीवर रुमाल होता. पेढीचा माणूस आला, म्हणाला, शेजारणीला देतो पुरा करायला. मादाम तेव्हा एवढी," त्यांनी हाताने उंची दाखवली, "तिनं पोटाशी धरला, दिला नाही."

"मग तुम्ही आम्हाला सून का सांगितलंत?"

"पडवीत बसणारीच्या आईची गोष्ट तुम्ही किती दिवस ऐकली असती गो? पेढीच्या मालकिणीची म्हटलं, तर पंचवीस वर्षं ऐकलीत." त्या जरा हसल्या. "पुस्तक छापणाऱ्यांनी तिला घरात घेतलं नाही. मी घेतली."

फिलूबाय उठल्या, लोखंडी कपाट उघडलं, आणि साड्यांच्या घडीखालून मलमलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या मांडीवर ठेवलं. रेशमी रुमाल होता. रंग विटलेले, छाप जुन्या वळणाची. अडीच बाजू वळलेल्या, सुलट्या बाजूला. काचेच्या कपाटात नव्हता तो, सांडोरला होता. मादामनी जाताना तो फिलूबायंच्या हातात दिला होता आणि सुईकडे बोट दाखवलं होतं. पुढचं तू कर, म्हणून.

"आणि तुम्ही इतकी वर्षं केलं नाहीत?"

"हात लावायला भीती वाटायची. मग हात कापायला लागले तेव्हा भीती गेली. डोळे मिट आणि बघ."

मी डोळे मिटले. अंगठा आणि तर्जनी. मादामच्या आईची कड घट्ट आणि बारीक होती, थंडीत शिवल्यासारखी. दुसऱ्या बाजूच्या मध्यावर माझी बोटं थांबली. तिथून हात बदलला होता, आणि तो हात मी कुठेही ओळखला असता. फिलूबायंनी पुढची एक बाजू वळली होती, तिसऱ्या बाजूच्या निम्म्यापर्यंत. शेवटच्या चार बोटांत टाके डगमगत होते. मग कड संपली आणि उघडं रेशीम लागलं.

"ते शेवटचं उसवायचं नाही," त्या म्हणाल्या. "तसंच राहू दे. पुढचं तू वळ."

"मी? बाय, एका रुमालाला एकच हात. तुम्ही मला उसवायला लावलं होतंत!"

"मथुरा परत यायची होती ना, म्हणून. तिची जागा धरून ठेवली होती. मादामची आई कुठं परत येणार आहे? आणि माझे हात आता कुठं परत येतात?" त्या अगदी साध्या आवाजात बोलत होत्या. "अशा रुमालाला किती वाट बघायला लावायची? वळ तू. आणि जोड लपवू नकोस. सुलट्या बाजूला वळतोय आपण."

मी तिथेच रडले. रुमाल बाजूला ठेवून रडले, एवढी शिस्त आता अंगात मुरली आहे.

तेव्हापासून रोज दुपारी पडवीतलं काम उरकलं की मी तो रुमाल घेते. खिडकीशी बसते. फिलूबाय समोर बसतात, नव्या पोरींना म्हाताऱ्याच्या गोष्टी सांगतात. गोष्टीत सून आता नाही. मादामची आई आहे, आणि पोरी तितक्याच कान देऊन ऐकतात. पेढीच्या पुस्तकात आमची नावं नाहीत, म्हणून या पुस्तकात ती मी लिहून ठेवते आहे: ओडेत मादामची आई, जिचं नाव फिलूबायंना हातवाऱ्यांतून कळू शकलं नाही. ओडेत मादाम. मथुरा, पान भरून जिचे हात छापले ती. आणि फिलूबाय. संपादकांनी यातली एकही ओळ गाळू नये, ही नम्र विनंती.

गौरवलेखाचा शेवट शुभेच्छांनी करायचा असतो. त्या मी मागच्या महिन्यात तोंडीच देऊन टाकल्या, तर फिलूबाय म्हणाल्या, "शुभेच्छा राहू देत. रुमाल पुरा कर. तो मी डोळे मिटून तपासल्याशिवाय कुठं जाणार नाही."

हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय, मथुरा साक्षीला होती. म्हणून मी दिवसाला एक बोटभर कड वळते. जास्त नाही. कधी टाका मनासारखा पडत नाही, मग तेवढीही उसवते. फिलूबाय वैतागतात, म्हणतात, "काय गो सुनंदा, हात चालत नाही काय तुझा? अशानं हा कधी व्हायचा?"

मी मान खाली घालून म्हणते, "होईल, बाय. घाई काय आहे?"

आज दुपारी मी बोटभर वळली होती. घरी यायच्या आधी अर्धी उसवली.